गाडीसरांची झाकलेली गाडी

धाकटीने आयुष्यात सुरू केलेल्या गोष्टी पुष्कळ होत्या. पुऱ्या केलेल्या कोणत्या, असं आईला विचारलं तर आई म्हणायची, "जेवण. तेवढं मात्र ती कधी अर्धवट सोडत नाही."

तिच्या कपाटात एका बाहीचा स्वेटर होता. गिटारवर तिला एकच गाणं यायचं, तेही कडव्यापर्यंत. पोहायला ती शिकली होती, पण तलावाच्या मध्यापर्यंतच. तिथून परत कसं यायचं त्या दिवशीचा वर्ग तिने बुडवला होता. त्यामुळे वडिलांच्या माघारी घराखालचा त्यांचा फोटो स्टुडिओ आता मी चालवणार, असं तिने जाहीर केलं तेव्हा दादाला हसू आवरेना.

दादाचं गॅरेज स्टुडिओला लागूनच होतं. गॅरेजात टायर ठेवायला जागा उरली नव्हती आणि स्टुडिओच्या खोलीवर त्याचा केव्हाचा डोळा होता.

"फोटो आता ज्याच्या त्याच्या खिशात असतात," तो म्हणाला. "टायर खिशात मावत नाहीत. ती खोली टायरांना द्या. ही बया चार दिवसांत कॅमेरा खुंटीला टांगेल आणि दुसरं काहीतरी धरेल."

"मुळीच नाही टांगणार!"

"स्वेटरची दुसरी बाही कुठाय?"

शेवटी आईने तोडगा काढला. धाकटीने वर्षभर रोज एक फोटो काढायचा आणि रस्त्यावरचे दिवे लागायच्या आत स्टुडिओच्या काचेत लावायचा. एक दिवस जरी चुकला तरी खोली टायरांची. वर्ष नीट पार पडलं तर खोली धाकटीची, आणि दादाने पुन्हा त्या दाराकडे बघायचंही नाही.

"पण फोटो कशाचा?" दादा म्हणाला. "ही रोज उठून आपल्या मांजराचाच काढेल."

"मग तूच ठरव कशाचा ते."

दादा गालातल्या गालात हसला. गाव लहान होतं आणि गावातली जवळजवळ प्रत्येक गाडी कधी ना कधी त्याच्या हाताखालून गेलेली होती. "गाडीचा," तो म्हणाला. "रोज एक गाडी. आणि एकदा काचेत आली ती पुन्हा चालायची नाही."

"हो, चालेल की," धाकटी म्हणाली.

गावात गाड्या किती, हे तिने मोजलं नव्हतं. दादाने मोजलं होतं.

गाडीचा फोटो काढणं हे लख्ख घासलेल्या पातेल्याचा फोटो काढण्यासारखं आहे. करून बघा कधीतरी. पातेलं राहतं बाजूला. त्यात खिडकी दिसते, छत दिसतं आणि मधोमध पोट सुटलेला, डोकं लहान झालेला फोटो काढणाराच दिसतो. पहिल्या आठवड्यात धाकटीच्या प्रत्येक फोटोचं तेच झालं. गाडी लाल असो, पांढरी असो, दारावर ही आपली हजर. "गाड्यांचे फोटो लावलेयस की स्वतःचे?" दादा येता-जाता विचारायचा.

ती वाकली, झोपली, झाडावर चढली, तरी गाडी तिला पाहायचं सोडेना. मग एका संध्याकाळी तिच्या डोक्यात प्रकाश पडला. प्रतिबिंब टळत नाही ना, मग आपल्याऐवजी गाडीच्या मालकाचंच पडू द्यावं. दुसऱ्या दिवशी तिने दातांच्या डॉक्टरांना गाडीसमोर उभं केलं. नुसतं उभं राहणं डॉक्टरांना जमेना. "काय करू? हात कुठे ठेवू?" ते सारखे विचारू लागले.

"रोज काय करता तेच करा," असं म्हणून तिने गाडीचं बॉनेट उघडलं. गाडीने आ केला. डॉक्टरांनी खिशातून दांडीचा छोटा आरसा काढला, आत वाकून बघितलं आणि सवयीने म्हणाले, "घाबरू नका, थोडंसंच दुखेल."

तो फोटो काचेत लागला आणि रस्त्यावरची माणसं थांबून हसायला लागली.

तिथून धाकटीला सूर सापडला. आधी काही ठरवायचं नाही. जागेवर जे असेल, जो असेल, त्यातून खेळ उभा करायचा. सलूनवाल्याच्या गाडीच्या गळ्याभोवती तिने त्याचंच पांढरं कापड गुंडाळलं आणि तो कात्रीने वायपरची टोकं सारखी करताना टिपला. शिंप्याने आपल्या गाडीचं माप घेतलं. "छाती भरदार आहे," टेप धरून तो गंभीरपणे म्हणाला, "पण मागून फार ढगळ." मुख्याध्यापिकाबाईंची गाडी तिने शाळेच्या आवारात भिंतीकडे तोंड करून उभी केली. बाई आधी नको नको म्हणत होत्या, पण एकदा उभ्या राहिल्यावर त्यांना राहवेना. कमरेवर हात ठेवून त्यांनी गाडीला सुनावलं, "वर्गात उशिरा कोण आलं? सांग! मान वर करून सांग!" खिडक्यांमधून सगळी शाळा हे बघत होती आणि बाईंना त्याचं भान नव्हतं.

हळूहळू स्टुडिओच्या काचेपाशी रोज संध्याकाळी घोळका जमू लागला. ज्यांच्या गाडीचा नंबर लागला नव्हता ते रुसू लागले. पाववाला तर तावातावाने दुकान सोडून आला. "आमच्या गाडीने काय घोडं मारलंय? सगळ्यांच्या झाल्या!"

"तुमची उद्या," धाकटी म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पाववाल्याची गाडी डोक्यापासून चाकापर्यंत पिठाने माखून काचेत झळकली. फोटोपेक्षा गाडी धुवायला जास्त वेळ लागला, पण पाववाला आठवडाभर तोऱ्यात होता.

दादा मात्र शांत होता. त्याला हिशेब ठाऊक होता. दिवस वर्षाला जेवढे असतात तेवढेच असतात, आणि गावातल्या गाड्या त्याहून बऱ्याच कमी.

वर्षाची अखेर जवळ येऊ लागली तशी धाकटीची धावाधाव सुरू झाली. आगीचा बंब झाला, रुग्णवाहिका झाली, कचऱ्याची गाडी झाली. मग ती नदीवरच्या पुलापाशी जाऊन बाहेरून येणाऱ्या गाड्या अडवू लागली. भेटेल त्याला विचारू लागली, "काका, तुमच्याकडे पाहुणे कधी येणार आहेत?" गावकरीही इरेला पेटले. ज्या मेहुण्यांची तोंडं वर्षानुवर्षं पाहिली नव्हती, त्यांना त्या दिवसांत आग्रहाची निमंत्रणं गेली. "या हो एकदा. आणि हे बघा, बसने नका येऊ, गाडी घेऊनच या."

आणि शेवटचा एकच दिवस उरलेला असताना पूल दुरुस्तीसाठी बंद झाला.

त्या दिवशी दुपारपर्यंत धाकटीने सगळं गाव पालथं घातलं. एकही नवी गाडी नाही. दमून ती स्टुडिओत परतली तर दादा टेप पसरून खोलीचं माप घेत होता.

"अजून दिवस संपला नाही!" ती ओरडली.

"मी कुठे काय म्हणतोय?" दादा भिंतीला टेप लावत म्हणाला. "टायर उद्या येतील. आज नुसतं माप." मग जरा थांबून तो म्हणाला, "फार लांब मजल मारलीस पण. मला वाटलं होतं त्याच्या कितीतरी पुढे. अगदी एका बाहीइतकंच राहिलं."

तो चिडवायला बोलला असता तर धाकटी भांडली असती. पण तो मनापासून बोलला, आणि ते तिला जास्त लागलं. तिने कॅमेरा उचलला आणि ती गाडीसरांच्या गल्लीकडे निघाली.

गावात एकच गाडी उरली होती. ती गाडीसरांची.

गाडीसरांनी साऱ्या गावाला गाडी चालवायला शिकवलं होतं. आईला, डॉक्टरांना, मुख्याध्यापिकाबाईंनासुद्धा. दादा तर त्यांच्याकडे परीक्षेत इतक्यांदा नापास झाला होता की सरांचा आवाज ऐकला की आजही त्याची पाठ आपोआप ताठ व्हायची. सर निवृत्त झाले, शिकवायची जुनी गाडी मोडीत गेली, त्यालाही बराच काळ लोटला होता. घरासमोर, गल्लीतल्या एकुलत्या एका चांगल्या सावलीत, त्यांची गाडी राखाडी कव्हराखाली उभी असायची. ती हललेली कुणी पाहिली नव्हती, आणि कव्हर निघालेलंही नाही. सलूनवाला म्हणायचा, आत कुठल्यातरी संस्थानिकाची गाडी आहे. दादा म्हणायचा, परदेशी असणार, नाहीतर माझ्याकडे दुरुस्तीला आली नसती? समोरच राहणारे दातांचे डॉक्टर फक्त उसासा टाकायचे, कारण त्यांच्या बायकोच्या गाडीला जागा नव्हती आणि ती त्यांना पार गल्लीच्या टोकाला लावावी लागायची. "झाकली गाडी सव्वा लाखाची," ते म्हणायचे.

धाकटीने वर्षभरात सरांना अनेकदा विचारलं होतं. उत्तर ठरलेलं. "गाडी विश्रांती घेतेय."

आज तिने घराचं दार वाजवलं. कुणी उघडेना. पुन्हा वाजवलं. मग तिला आवाज आले. घरातून नव्हे, पाठीमागून. कव्हराच्या आतून.

"हळू घ्या जरा. पुढे वळण आहे."

"दिसतंय मला."

"दिसत असतं तर मघाशी त्या सायकलवाल्याच्या अंगावर गेला नसतात."

धाकटी पाऊल न वाजवता जवळ गेली आणि तिने कव्हराची कड उचलली.

आत गाडी नव्हती. जुन्या खाटेची चौकट आणि कपडे वाळत घालायचा घोडा यांना दोऱ्यांनी बांधून एक सांगाडा केला होता. पुढे बॉनेटच्या जागी कपडे धुवायचं टब पालथं घातलं होतं. मधे गाडीच्या दोन खऱ्याखुऱ्या सीट होत्या. एकीवर हातात स्टिअरिंग धरून सर बसले होते. शेजारी काकू, केसांना रुमाल बांधून, मांडीवर पर्स घेऊन.

तिघंही एकमेकांकडे बघत राहिले.

"कुणाच्या गाडीत डोकावताना दार वाजवायची पद्धत असते," अखेर सर म्हणाले.

"दार कुठाय, सर?"

काकूंना हसू फुटलं. मग सरांना सगळं सांगावंच लागलं. शिकवायची गाडी मोडीत गेली तेव्हा त्यांनी पुढच्या दोन सीट आणि स्टिअरिंग तेवढं ठेवून घेतलं होतं. पण गाडी गेल्यावर घरासमोरची जागा रिकामी झाली. रिकामी राहिली असती तर डॉक्टरांची दुसरी गाडी दिवस मावळायच्या आत तिथे आली असती, आणि मग उद्या लेक नातवाला घेऊन इथेच राहायला आली तर तिने गाडी कुठे लावायची? म्हणून हा सांगाडा.

"एकदा आत डागडुजी करताना सहज सीटवर बसलो," सर म्हणाले. "तर पाय आपोआप क्लचवर गेला. तेव्हापासून रोज एक चक्कर होते."

"आणि मी बसते," काकू म्हणाल्या, "कारण एकटे गेले की हे रस्ता चुकतात."

धाकटीने आपली अडचण सांगितली. सरांनी मान हलवली. "नाही, पोरी. फोटो काचेत लागला की सगळ्या गावाला कळणार. गाव हसेल ते हसेल, पण जागा जाईल."

धाकटीने हट्ट केला नाही. ती पायरीवर बसली. "बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "मी कधीच काही पुरं केलं नव्हतं, सर. हे करत होते. खोली गेली तर गेली, पण आता मला स्वतःलाच वाटेल की दादा म्हणतो तेच खरं."

मग काकूंनी पर्सची कडी कटकन लावली.

"इतकी वर्षं रोज नटूनथटून प्रवासाला निघतेय मी," त्या म्हणाल्या, "आणि कव्हराशिवाय मला कुणी बघितलं नाही. आणि तुम्ही हो! परीक्षेत गाडी मधेच सोडून कुणी उतरायचं नाही, हेच ना सगळ्यांना शिकवलंत? ही पोर शेवटच्या वळणावर आली तर तुम्ही ब्रेक दाबून बसलाय."

सरांनी खाली बघितलं. त्यांचा पाय खरोखरच पुढच्या फळकुटावर रोवलेला होता. त्यांनी तो सावकाश उचलला.

"कव्हर काढ," ते म्हणाले.

कव्हर निघालं. ऊन कलायला लागलं होतं. धाकटीने कॅमेरा डोळ्याला लावला आणि लगेच खाली घेतला. समोर एक टब होतं, एक खाट होती आणि अडगळीत बसलेली दोन म्हातारी माणसं होती. गाडी कुठेच नव्हती. तिने खालून बघितलं, वरून बघितलं, बाजूने बघितलं. अडगळ ती अडगळच.

"काहीतरी कमी आहे," ती म्हणाली.

"मागची माणसं कमी आहेत," काकू म्हणाल्या. "मागे कुणी कुरकुर करणारं नसेल तर गाडीत बसल्यासारखंच वाटत नाही."

धाकटीने पळत जाऊन सरांच्या ओसरीवरचा लांब बाक आणला आणि मागे ठेवला. तोवर कव्हर निघाल्याची बातमी गावभर झाली होती. माणसं जमू लागली. आई आली. डॉक्टर तर तोंडाला मास्क तसाच ठेवून धावत आले आणि जागच्या जागी थिजले.

"म्हणजे इथे गाडीच नव्हती?" मास्क खाली ओढत ते म्हणाले. "आणि मी रोज त्या टोकापर्यंत चालत जातोय? पावसापाण्यात?"

"चालण्याने प्रकृती सुधारली तुमची," काकू म्हणाल्या. "बसा आता मागे. दमला असाल."

आई कुणी न सांगताच बाकावर बसली. डॉक्टर फणफणत तिच्या शेजारी बसले. आणि तेवढ्यात गळ्यात टेप अडकवलेला दादा गर्दीतून पुढे आला. त्याने सांगाड्याकडे बघितलं आणि तो पोट धरून हसायला लागला.

"ही गाडी? अगं, चाकं कुठायत हिची?"

"गाडीत बसलेल्याला चाकं कधी दिसतात का?" आई म्हणाली.

"इंजिन कुठाय? छप्पर कुठाय? ही गाडी असेल तर मी—"

"कोण बोलतंय ते?"

सरांनी मान वळवली नव्हती. त्यांचे डोळे समोर रस्त्यावर होते आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर. आवाज मात्र तोच, जुना.

दादाची पाठ ताठ झाली. "मी, सर."

"आजही उशिराच. सगळे तुझ्यासाठी खोळंबलेत. बस मागे."

दादाचे पाय चालू लागले. नसलेल्या दाराशी तो थांबला. नसलेला उंबरा ओलांडायला त्याने पाय उचलला, आणि नसलेल्या छपराला डोकं लागू नये म्हणून वाकून आत शिरला. आई सरकली. तो बसला, आणि त्याचा उजवा हात खांद्यावरून मागे गेला आणि हवेत काहीतरी चाचपडू लागला.

"पट्टा कुठाय?" तो म्हणाला.

दादाच्या लक्षात आलं. त्याचा हात होता तिथेच राहिला आणि कान लाल झाले. पण सरांनी हसायला कुणाला उसंतच दिली नाही.

"आरसा बघितला. इशारा दिला," ते म्हणाले, आणि स्टिअरिंग फिरवत त्यांनी आवाज चढवला. "डावीकडे घेतोय! सांभाळा!"

सगळेच्या सगळे उजवीकडे कलले. काकूंनी पर्स छातीशी धरली. डॉक्टर आईवर कलंडले, आई दादावर, आणि दादाने एक पाय घट्ट रोवून डोळे मिटून घेतले.

धाकटीने बटण दाबलं.

"झालं?" सरांनी विचारलं.

पण धाकटी तिथे नव्हती. ती पळत सुटली होती. स्टुडिओत जाऊन तिने फोटो छापला, कोपरे पुसले आणि काचेत लावला. मागोमाग सगळं गाव येऊन पोहोचलं. रस्त्यावरचे दिवे अजून लागले नव्हते.

फोटोत टब होतं, खाट होती, बाक होता, आणि तरीही ते आधी दिसतच नव्हतं. आधी दिसत होतं ते वळण. पाच माणसं एकाच वेळी, एकाच बाजूला, एकाच भीतीने झुकली होती, आणि बघणाराही नकळत थोडा झुकत होता. सलूनवाला तर दोनदा झुकला.

"उद्या किती वाजता निघणार?" डॉक्टर सरांना हळूच विचारत होते. "मी पुढे बसलो तर चालेल?"

"पुढची सीट माझी आहे," काकू म्हणाल्या.

आई मात्र दादाकडे बघत होती. "हं, बोल," ती म्हणाली. "नियम तुझा. गाड्यांमधलं कळतंही तुलाच. तू नाही म्हणालास तर नाही. गाडी आहे की नाही ही?"

दादाने गळ्यातला टेप काढला, बोटाभोवती गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. नाही म्हणायला फक्त एक शब्द लागणार होता आणि तो खराही होता. त्याने फोटोत स्वतःकडे पाहिलं. मिटलेल्या डोळ्यांकडे, रोवलेल्या पायाकडे. बराच वेळ पाहिलं.

"मागे पाय ठेवायला जागा फार कमी आहे," तो कुरकुरला, आणि टेप खिशात कोंबून गॅरेजकडे चालू लागला.